वरील मजकूर खरा आहे

त्यानं माझ्या आयच्या गळ्यातली माळ गळ्यातून न काढताच दगडावर घासली.

आय म्हणाली होती, "काढनार नाय. सवाशीन बाय मोकल्या गल्यानं बसत नाय." तो म्हणाला, "नको काढू. इकडे वाक." टेबलापलीकडून हात लांब करून त्यानं माळेची खालची पुतळी पकडली आणि ओढली. आय वाकली. त्यानं आणखी ओढली. आयची हनुवटी टेबलाच्या काचेला टेकली. तिला तशीच वाकवून ठेवून त्यानं ती पुतळी कसोटीच्या काळ्या दगडावर दोनदा घासली आणि बाटलीतून तेजाबाचा एक थेंब सोडला. पिवळी रेघ हिरवी झाली. फसफसली. गेली.

"खोटं आहे," तो शेजारी बसलेल्या मॅडमना म्हणाला. आम्हाला नाही.

माळ सोडली. आय सरळ झाली. मानेवर दोऱ्याचा लाल वळ उठला होता. तिनं पदर ओढून तो झाकला. मी सोळा वर्षांची होते आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून, गुडघे जुळवून बसले होते. मॅडमनी शिकवलं होतं तशी. त्या दिवशी मी काहीच केलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जे केलं ते ऐकून लोक मला शूर म्हणतात. शूर कसली. मी एक आठवडा उशिरा चिडले.

आम्ही दिवाळ्याचे. बेलापूरच्या खाडीवरचं कोळ्यांचं गाव. बाबाची होडी, आयची पाटी. नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगतेय. रस्त्यापलीकडं इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांत राहायला आलेली माणसं आम्हाला 'गाववाले' म्हणत होती. जणू ती चंद्रावर राहायला आली होती आणि गाव नंतर वसलं.

दहावीला मला गणितात ब्याण्णव मार्क पडले. मला मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा होता. आमच्या होडीचं इंजिन मी बाबाबरोबर बसून उघडायला शिकले होते. शाळेत सरांनी विचारलं, "मुलगी असून मेकॅनिकल?" मी म्हटलं, "इंजिनाला कुठं कळतं मुलगी आहे ते." सर हसले नाहीत. घरी बाबा म्हणाला, "यंदा खाडीत म्हावरा नाय. पुढल्या साली बगू." आमच्याकडं पोरीला पुढल्या साली म्हणजे काय, ते सगळ्या पोरींना ठाऊक असतं. पुढल्या साली मांडव. मग मी हट्टाला पेटले. फीचं मी बघते, म्हटलं.

वाशीला एका सराफाचा ट्रस्ट होता. खाली दुकान, वर ट्रस्टचं ऑफिस. हुशार आणि गरजू मुलांना शिष्यवृत्ती. अर्जाबरोबर एक पानी निबंध जोडायचा, 'मला शिष्यवृत्ती का हवी?' आणि निबंधाच्या तळाला एक छापील ओळ. 'वरील मजकूर खरा आहे.' त्याखाली पालकाची सही किंवा अंगठा.

हा निबंध कसा लिहायचा ते शिकवायला ट्रस्टच्या एक मॅडम शनिवारी शाळेत येत. फुकट. हे 'फुकट' त्या दर शनिवारी एकदा तरी म्हणायच्या. फळ्यावर त्यांनी तीन शब्द लिहिले होते. प्रामाणिकपणा. आत्मविश्वास. नम्रता. "या तिन्हींचं प्रमाण जमलं पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "एक जरी जास्त झालं तरी गेलं."

मी हात वर केला. "मॅडम, किती किती?"

सगळा वर्ग हसला. मी चेष्टा करत नव्हते. गणितवाली पोर मी, प्रमाण म्हटलं की मला आकडा लागतो. मॅडम म्हणाल्या, "हा प्रश्न विचारणं म्हणजेच आगाऊपणा. नम्रता इथंच कमी पडली बघ."

मी निबंध लिहिला. त्यातली तीन वाक्यं मला अजून पाठ आहेत. 'मी होडीचं इंजिन उघडून साफ करून परत जोडू शकते आणि ते पहिल्या फटक्यात चालू होतं.' 'माझ्या आईच्या गळ्यात सोन्याची माळ आहे.' 'ती माळ मोडून मला शिकवायला ती तयार होईल, पण मी तिला तसं विचारणार नाही, कारण ती माळ तिची आहे.' पहिलं वाक्य आत्मविश्वासाचं. दुसरं प्रामाणिकपणाचं, कारण आमच्याकडं सोनं आहे हे लपवायचं कशाला. तिसरं नम्रतेचं. हिशेब जमला असं मला वाटलं.

घरी मी तो निबंध मोठ्यानं वाचून दाखवला. बाबा जाळं विणत होता, त्याचा हात थांबला. आय बोंबील निवडत होती. माळेचं वाक्य आलं तेव्हा तिनं वर पाहिलं. बाबाकडं पाहिलं. बाबानं मान खाली घातली. मला वाटलं, लेकीच्या हुशारीनं दोघं गहिवरली.

"ऱ्हाऊ दे का ह्ये वाक्य?" मी विचारलं.

"लिवलंस ना? ऱ्हाऊ दे," आय म्हणाली आणि बोंबील निवडायला लागली.

मुलाखतीला पालकांनी यायचं होतं. आय नटली. एकवीरेच्या जत्रेला नटते तशी. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, कानात, हातात, गळ्यात जे होतं ते सगळं. बाबा बोलला, "कमी घाल." आय म्हणाली, "मोठ्या मानसांकडं जायचं हाय. उघडीबोडकी जाऊ? त्यांचा मान नाय ठेवायचा?" आमच्यात असंच आहे. कुणाचा मान राखायचा तर अंगावर घालून जायचं. मळक्या लुगड्यात कुणाच्या दारात गेलं तर तो त्या घरधन्याचा अपमान. रस्त्यापलीकडच्या माणसांत याच्या बरोबर उलटं असतं, मागायला जायचं तर विटकं घालून जायचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मॅडमच्या तीन शब्दांत ते नव्हतं.

सराफानं आयला वरपासून खालपर्यंत बघितलं. पांढराशुभ्र झब्बा, बोटांत अंगठ्या, आवाज मऊ. त्याच्या टेबलावरच्या काचेखाली देवांचे फोटो होते.

"बाई, हे सगळं अंगावर घालून तुम्ही मदत मागायला आलात? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, अशी म्हण आहे आपल्यात."

आता बघा. आम्ही भांडं कुठं लपवलं होतं? आम्ही ते घासूनपुसून लख्ख करून, डोक्यावर मिरवत वाशीपर्यंत बसमधून आणलं होतं. हेच तर आमचं चुकलं.

मॅडमनी माझा निबंध पुढं सरकवला. "तिनं स्वतःच लिहिलंय, सर. हे बघा, सोन्याची माळ." त्यानं वाक्य वाचलं. मग खाली दुकानात माणूस पाठवून दगड मागवला.

पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

तेजाब फसफसून गेल्यावर तो खुर्चीत मागं रेलला आणि म्हणाला, "म्हणजे सोनं खरं असतं तर मदतीची गरज नव्हती. आणि खोटं आहे, तर ही मुलगी खोटारडी. तूच सांग, मी काय करू?" मला सांगता आलं नाही. गणितात ब्याण्णव असून सांगता आलं नाही. दोन्ही बाजूंनी कापणारी ती सुरी होती आणि ती मीच, माझ्या सुवाच्य अक्षरात, त्याच्या हातात दिली होती.

मॅडमना दया आली. त्यांनी सराफाकडं रदबदली केली. मुलगी हुशार आहे, एक संधी द्या, मी निबंध परत लिहून घेते. मग लाल पेन काढून त्यांनी इंजिनाच्या वाक्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'गर्व'. गेल्या वर्षी ज्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली होती त्याच्या निबंधाची झेरॉक्स माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "असं लिही. वाचणाऱ्याच्या काळजाला हात घाल. आणि वडिलांविषयी काहीच नाही तुझ्या निबंधात. घेतात ना ते? तुमच्यात सगळेच घेतात."

परतीच्या बसमध्ये आय खिडकीशी बसली होती. मी विचारलं, "खरी माल कुठं हाय?"

"होडीत."

"होडीत म्हंजे?"

रेती काढणाऱ्या बार्जनं दोन वर्षांपूर्वी आमची होडी ठोकली होती. ते मला ठाऊक होतं. नवं इंजिन आलं होतं, तेही ठाऊक होतं. ते कशातून आलं हे मी कधी विचारलं नव्हतं. ज्या इंजिनाबद्दल मी छाती फुगवून लिहिलं, ज्याचा नट अन् नट मी पुसून ठेवत होते, ती आयची माळ होती.

"मंग गल्यात ही कशाला घालतेस?"

"बाजारात बसतंव आपुन. गला मोकला दिसला का गिऱ्हाईक समजतं, हिला नड हाय. भाव पाडतं. गाववाले कीव करतान. कीव नको मना."

आज हे लिहिताना मला कळतं, निबंधावर माझ्या आयइतकं शहाणं कुणी बोललं नव्हतं. तेव्हा मात्र मला तिचाच राग आला. भयंकर राग. सराफाचा नाही, मॅडमचा नाही, आयचा. वाटलं, हिनं मला खोटं पाडलं. मी वाचून दाखवलं तेव्हा दोघं गप्प बसली. वाटलं, बसमधून उतरून ती माळ हिसकावून खाडीत फेकावी. तुम्ही खोटं घालता ना, मग मी खोटं लिहिते. बघाच. त्या तिडिकीत मी दुसरा निबंध लिहिला.

'माझे वडील दारूच्या आहारी गेले आहेत. ते रोज पिऊन येतात व आईला आणि मला कमरेच्या पट्ट्याने मारतात. माझी आई अडाणी असून लोकांना फसवण्यासाठी खोटे दागिने घालते. आमच्या समाजात शिक्षणाचे महत्त्व कुणाला कळत नाही. मी चिखलात जन्मले आहे. आपल्या कृपेचा हात मिळाला तर मी या चिखलातून बाहेर येईन.'

बाबा दारू पीत नव्हता असं मी म्हणणार नाही. शिमग्याला पितो. नारळी पुनवेला पितो. मग गातो, बेसूर गातो, आणि झोपतो. त्यानं माझ्यावर कधी हात टाकला नाही. आणि पट्टा? बाबानं आयुष्यात कधी पट्टा घातला नाही. तो कमरेला रुमाल बांधतो. पट्टा मी झेरॉक्समधून उचलला होता.

मॅडमनी वाचलं. पाठीवर हात ठेवला. "आता कसं खरं वाटतं," म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा वाशी. सकाळी आयनं तीच माळ घातली. मी म्हटलं, "आज तरी नको घालूस." ती म्हणाली, "त्यानं घासली म्हनून माझा गला त्याचा झाला का?"

सराफानं निबंध वाचला. हळूहळू, ओठ हलवत. चष्मा काढला आणि डोळे पुसले. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. त्याला आमची दया आली होती. तेजाब परवडलं, असं वाटलं मला. आमचं खरं त्यानं दगडावर घासून फेकून दिलं आणि आमचं खोटं वाचून तो रडला.

"मंजूर," तो म्हणाला. "आईचा अंगठा घ्या."

मॅडमनी शाईचा पॅड उघडला. निळी शाई. आय हलली नाही.

"काय लिवलंय? वाच," ती मला म्हणाली.

"बाई, वाचलंय आम्ही. वेळ नका घालवू," सराफ म्हणाला.

"म्हावरा बगल्याबिगर मी पाटीत घेत नाय. ह्याच्यावर तं अंगठा लावायचा हाय. वाच पोरी."

मी वाचायला लागले. दुसऱ्या वाक्यात 'पट्टा' आला. माझा आवाज इतका बारीक झाला की मॅडम म्हणाल्या, "मोठ्यानं." मी मोठ्यानं वाचलं. सगळं. चिखलापर्यंत. कृपेच्या हातापर्यंत. वर पंखा फिरत होता आणि टेबलावरच्या कागदाचं एक टोक फडफडत होतं, त्यावर त्यानं गेल्या वेळेपासून टेबलावरच राहिलेला तो काळा दगड ठेवला.

आयनं त्या कागदावर बोट टेकवलं. मग म्हणाली, "ह्यो बापूस कोनाचा?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, मारील. मारलं असतं तर मी आज तिची ऋणी असते. ती म्हणाली, "ह्याच्यावर तुजं शिक्षान हाय?"

मी मान हलवली.

"मंग लावते."

आणि तिनं अंगठा पॅडवर ठेवला. स्वतःहून. माझ्यासाठी. नवऱ्याला दारुडा, स्वतःला फसवी, गावाला चिखल म्हणणाऱ्या कागदावर लावायला तिनं अंगठा निळा केला. मी आजवर जे काही सोसलं त्यात इतकं दुखलेलं दुसरं काही नाही. सराफाचं ओढणंसुद्धा नाही.

तिनं अंगठा कागदावर टेकवला. नुसता डाग पडला. आयचा अंगठा कोयत्यानं चिरून चिरून, खवल्यांनी सोलून गुळगुळीत झाला होता. त्यावर रेषा शोधाव्या लागत.

"असा नाही. ठसा स्पष्ट पाहिजे," सराफ म्हणाला. उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्यानं आयचं मनगट धरलं. अंगठा परत पॅडवर दाबला. मग कागदावर आणला आणि वरून स्वतःची मूठ ठेवून दाबायला लागला. "सैल सोड. सैल सोड हात." आय पुढं वाकली. तिची माळ टेबलाच्या काचेवर खळकन आपटली. हनुवटी काचेजवळ गेली. परत तिथंच.

मी दगड उचलला.

त्याच्या हातावर मारायचा होता. नेम चुकला की मीच चुकवला, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. दगड काचेवर बसला. टेबलभर काच तडकली, देवांच्या तोंडांवरून भेगा गेल्या. मॅडम किंचाळल्या. मी कागद ओढून घेतला आणि परत दगड उगारला. तेवढ्यात सराफानं मला थोबाडीत मारली. अंगठ्यांच्या हातानं. खालचा ओठ फाटला. रक्ताची चव मला तेव्हा पहिल्यांदा कळली. थुंकले मी. त्याच्या गालिच्यावर थुंकले.

मग आय उठली.

पाटी डोक्यावर घेऊन रोज बेलापूरच्या इमारतींचे जिने चढणारी बाई. तिनं सराफाची गळपट्टी धरली आणि त्याला भिंतीला लावला. आवाज चढवला नाही. "माज्या पोरीला हात लावलास?" एवढंच म्हणाली. आणि दुसऱ्यांदा, "हात लावलास?" प्रत्येक वेळी त्याचं डोकं भिंतीवर आपटत होतं. दुकानातली माणसं वर धावली. त्यांनी आम्हाला ओढलं, जिन्यावरून ढकललं. कुणीतरी आयच्या माळेला हात घातला आणि ती तुटली. पुतळ्या जिनाभर सांडल्या, खाली दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकांच्या पायांपर्यंत गेल्या.

वर सराफ दारात उभा होता. मी वळून पाहिलं. त्याच्या पांढऱ्या झब्ब्यावर, गळपट्टीखाली, निळा अंगठा उमटला होता. दोघांनी जोर लावूनही कागदावर न उमटलेला ठसा तिथं स्पष्ट होता.

आय जिन्यावर बसली आणि पुतळ्या वेचायला लागली. खोट्या पुतळ्या. एक माणूस म्हणाला, "ए बाई, चल नीघ, पोलीस बोलवू का?" ती म्हणाली, "बोलव. दोन कमी हायेत." एक दुकानाच्या पायपुसण्याखाली सापडली. दुसरी एका गिऱ्हाईक बाईच्या चपलेजवळ होती. ती बाई पाय हलवेना. आयनं तिचा पाय धरून बाजूला ठेवला, पुतळी उचलली, सगळ्या पदरात बांधल्या आणि मग आम्ही निघालो. ज्या दिवशी त्यानं माळ घासली त्या दिवशी मी मान खाली घालून त्या जिन्यावरून उतरले होते. या वेळी ओठातून रक्त गळत होतं म्हणून मला मान वर ठेवावी लागली.

पोलीस आले नाहीत. शाळेत पत्र गेलं. मुलीनं लेखी माफी मागितली तर प्रकरण मिटवू, आणि शिष्यवृत्तीचाही फेरविचार करू. म्हणजे तिसरा निबंध. ते घेऊन मॅडम स्वतः आल्या होत्या. म्हणाल्या, "चार ओळी लिही. नम्रपणे. तुझं आयुष्य घडेल."

मी म्हटलं, "मॅडम, त्यांनी आयला लिहून द्यावं. मी तपासून देते. लाल पेनानं."

दार आपटून गेल्या. त्या वर्षीचा प्रवेश गेला.

घरी बाबाला मी सगळं सांगितलं. निबंधही वाचून दाखवला. त्याच्याबद्दल लिहिलेलं त्याच्यासमोर वाचायचं, एवढी शिक्षा तरी मला हवी होती. तो म्हणाला, "पट्टा कुठला ग?" आणि उठून गेला. चार दिवस त्यानं माझ्या हातचा चहा घेतला नाही. पाचव्या दिवशी होडीवरून हाक मारली, पाना मागितला. मी दिला. माफ केलं असं तो कधी म्हणाला नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

ते वर्ष मी आयबरोबर बाजारात बसले. आयनं माळ नव्या दोऱ्यात ओवली आणि रोज घातली. पहिल्याच दिवशी मी गिऱ्हाइकाला म्हटलं, "घ्या ना ताई, ताजं आहे, घ्या ना." आयनं माझ्या मांडीला चिमटा काढला. "गयावया करू नको. कल्ला उघडून दाव." आणि पापलेट उचलून तिनं स्वतःच डोक्यामागचा कल्ला वर केला. लाल असेल तर लाल दाखवायचा. कालचा माल असेल तर विचारायच्या आधी सांगायचं, कालचा हाय. भाव मात्र आपण बोलायचा, खाली बघायचं नाही. फळ्यावरचे तीन शब्द होते ते. एका चिमट्यात शिकले.

पुढच्या साली मांडव पडला नाही. मी परत अर्ज केले, दुसऱ्या ठिकाणी, तिसऱ्या ठिकाणी. लिहायच्या आधी आयला विचारलं, "माळेचं लिहू?" ती म्हणाली, "आता लिव. आता तुला म्हाईत हाय." मी लिहिलं. 'माझ्या आईच्या गळ्यातली माळ खोटी आहे. खरी माळ मोडून आमच्या होडीचं इंजिन आलं. ते इंजिन मी उघडते आणि जोडते. मला याहून मोठी इंजिनं शिकायची आहेत. त्यासाठी मला मदत हवी आहे.' दोन ठिकाणांहून नकार आला. तिसरीकडं मिळाली. मिळाली म्हणून ते लिहिणं खरं ठरलं नाही. तिन्हीकडं नाकारलं असतं तरी त्यातला एक शब्द मी बदलला नसता, आणि आजही बाजारातच बसले असते, माळ घालून.

आज गावातल्या पोरी माझ्याकडं फॉर्म घेऊन येतात. 'ताई, काय लिवलं का मिळतं?' मी त्यांना नमुना देत नाही. म्हणते, लिही आणि आधी घरी वाचून दाखव, ज्यांच्याविषयी लिहिलंयस त्यांच्यासमोर. जिथं आवाज बसेल तिथं थांब. काही पोरी परत येतात, काही येत नाहीत. ज्या येत नाहीत त्यांनी पट्ट्याची वाक्यं लिहिली असणार, आणि कुठल्यातरी टेबलामागं कुणीतरी डोळे पुसले असणार. मला त्या पोरींचा राग येत नाही. टेबलामागच्यांचा येतो. तो कमी झालेला नाही, मी होऊ देत नाही.

तो दुसरा निबंध माझ्यापाशी आहे. माझ्याच अक्षरात. तळाला छापलंय, 'वरील मजकूर खरा आहे', आणि त्याखाली ओळख न पटणारा एक निळा डाग. फाडला नाही, जाळला नाही. मी काय विकायला निघाले होते, हे मला रोज दिसलं पाहिजे. माझ्या हातून असा कागद परत लिहिला जाणार नाही. माझ्या माणसांची लाज दाखवून मी कुणाची दया घेणार नाही. आणि माझ्यादेखत कुणी एखाद्या बाईचं मनगट धरून तिचा अंगठा दाबू लागला, तर या वेळी माझा नेम चुकणार नाही.